लंडन ते पॅरिस : अंतर तेच, वेळ वेगळी

लंडन आणि पॅरिस यांच्यातले सरळ रेषेतले अंतर सुमारे ३४४ किलोमीटर. या मोजणीचा माग काढत आपण गेलो, की १७८३ सालापाशी पोहोचतो. ग्रीनिच आणि पॅरिस या वेधशाळांची परस्परसापेक्ष स्थाने नेमकी ठरलेली नाहीत, तेव्हा दोन्ही देशांनी मिळून मोजणी करावी, असे निवेदन कासिनी द थ्युरी या फ्रेंच नकाशाकाराने ब्रिटिश दरबाराकडे पाठवले. ग्रीनिचकरांना ते फारसे रुचले नाही. तरी काम जनरल विल्यम रॉय यांच्याकडे सोपवले गेले. १७८४ च्या उन्हाळ्यात त्यांनी लंडनच्या पश्चिमेला हाउन्स्लो हीथच्या माळावर आधाररेषा मोजली. लाकडी काठ्या दमट हवेने लांबतात हे ध्यानात येताच काचेच्या नळ्या आणवल्या, आणि रेषा भरली २७,४०४ फूट. पुढचे कोन मोजण्यासाठी हवा होता थिओडोलाइट. तो घडवायला जेसी रॅम्सडेन या कारागिराने तीन वर्षे घेतली. रॉय वाट पाहत असतानाच, ७ जानेवारी १७८५ रोजी, ब्लांशार आणि डॉ. जेफ्रीज या बलूनवीरांनी बलूनमधून डोव्हरची खाडी ओलांडली. बलून खाली येऊ लागले तेव्हा दोघांनी अंगावरचे कपडेही समुद्रात फेकले! दोन्ही किनाऱ्यांची मोजणी जोडली गेली ती १७८७ मध्ये. मोजणीआधी उड्डाण, असा हा उलटा क्रम.

पुढे १९०९ मध्ये ब्लेरिओ या फ्रेंच वैमानिकाने विमानाने खाडी पार केली. पण नियमित प्रवासासाठी आपल्याला २५ ऑगस्ट १९१९ पर्यंत थांबावे लागते. त्या सकाळी हाउन्स्लोच्याच माळावरून एक डी हॅविलँड विमान पॅरिसजवळच्या ल बुर्जेकडे निघाले. प्रवासी एकच, सोबत वर्तमानपत्रे, चामडे, डेव्हनची साय आणि शिकार केलेले पक्षी. वेळ लागला अडीच तास. वैमानिक तेव्हा खालचे रस्ते आणि रूळ पाहून वाट काढत. ही सवय ७ एप्रिल १९२२ रोजी भोवली: पिकार्डीच्या धुक्यात समोरासमोर आलेली दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि सातही जण दगावले. प्रवासी विमानांची हवेतली ही पहिलीच टक्कर.

खरे वळण आले २९ जुलै १९५० रोजी. टर्बोप्रॉप इंजिनांच्या व्हायकाउंट विमानाने लंडनजवळचे नॉर्थोल्ट ते ल बुर्जे हे अंतर ५७ मिनिटांत कापले. त्यानंतर जेट आली, वेग वाढला, पण वेळापत्रकातला आकडा उलट फुगला. हीथ्रो ते शार्ल द गोल या उड्डाणासाठी आज सव्वा तास किंवा त्याहून अधिक वेळ दाखवतात. हवेतला काळ कमी, पण धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावरचे रांगणे त्यातच धरलेले असते. सुरक्षा तपासणी आणि शहरात ये-जा वेगळीच. १९९४ पासून समुद्राखालच्या बोगद्यातून युरोस्टार ही रेल्वेगाडी धावते. २००७ मध्ये इंग्लंडमधला वेगवान मार्ग पूर्ण झाल्यापासून ती लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्थानकाहून पॅरिसच्या गार द्यू नोरला सुमारे सव्वादोन तासांत पोहोचते. तेव्हा एका शहराच्या मध्यातून दुसऱ्याच्या मध्यात जायचे असेल, तर विमानाचे तिकीट काढण्यात आज काही हशील नाही.