साखर मोजणारी पट्टी : छापखान्यातला सेन्सर



बोटाला टोचून रक्तातली साखर मोजायचं यंत्र आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे, भारतात आई-बाबांकडेही आहे. कौतुक यंत्राचं होतं. पण आम्हा इंजिनिअर मंडळींना विचाराल तर खरी करामत त्या वापरून फेकायच्या पट्टीत आहे.

ही पट्टी म्हणजे प्लॅस्टिकवर चक्क छापलेला सेन्सर. लग्नपत्रिका स्क्रीन प्रिंटिंगने छापतात ना, तसंच पॉलिएस्टरच्या शीटवर बारीक जाळीतून कार्बनची शाई रबरी पट्टीने दाबून उतरवतात. झाले इलेक्ट्रोड! शाई वाळली की वर ग्लुकोज ऑक्सिडेझसारखं एन्झाइम आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणारं रसायन यांचा थर देतात. मग रक्त आत ओढणारी चिंचोळी फट ठेवून दुसरी फिल्म चिकटवायची आणि पट्ट्या कापायच्या. एका शीटवर कितीतरी पट्ट्या एकदम होतात, म्हणून त्या फेकून देणं परवडतं. (काही कंपन्या छपाईऐवजी धातूचा पातळ थर लेसरने कोरतात.)

रक्तातल्या साखरेवर एन्झाइम काम करतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोचतात आणि यंत्र तो करंट मोजतं. साखर जास्त, तर करंट जास्त. एन्झाइम इलेक्ट्रोडची मूळ कल्पना अमेरिकेत लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली. घरगुती वापराचं पेनाएवढं 'एक्झॅकटेक' यंत्र १९८७ मध्ये बाजारात आलं. त्यामागचं संशोधन इथलंच, क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्डचं.

आता कामाचं. एन्झाइम नाजूक असतं. दमट हवेने आणि उष्णतेने ते बिघडतं. बाटलीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो तो त्यासाठीच. तेव्हा भारतात पाठवताना सुट्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून देऊ नका. कोकणातल्या पावसाळ्यात तर नकोच! मूळ बाटली, घट्ट झाकण, आणि एक्स्पायरीची तारीख बघून. पट्टी त्याच यंत्राची हवी, हेही आलंच.

फोनवर आकडे ऐकताना आणखी एक गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये साखर मिलिमोलमध्ये सांगतात, भारतात मिलिग्रॅममध्ये. इथल्या आकड्याला १८ ने गुणा : ७ म्हणजे तिकडचे १२६. आणि १२६ चे १३५ झाले म्हणून लगेच घाबरू नका. २०१३ च्या आयएसओ मानकानुसार १०० मिलिग्रॅमपासून पुढे १५ टक्के इकडेतिकडे चालतं. मात्र आकडा प्रकृतीशी अजिबात जुळत नसेल, तर हात धुऊन नव्या पट्टीवर पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा.