बंदिस्त शेती आणि कर्ब उत्सर्जन

पिकाभोवतीचे हवामान माणसाने आपल्या हाती घेऊन केलेली शेती म्हणजे बंदिस्त शेती. पुण्याच्या परिसरात तिची दोन रूपे आढळतात. तळेगाव दाभाडेच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये व मावळात अन्यत्र पॉलिहाऊसमध्ये गुलाब व जरबेरा पिकतात. शहरात मात्र बंद खोलीत किंवा मालवाहू कंटेनरमध्ये दिव्यांच्या प्रकाशात, मातीविना लेट्यूससारख्या पालेभाज्या घेतल्या जातात. केशराचेही प्रयोग झाले आहेत. दोन्ही शेती पर्यावरणस्नेही म्हणून मिरवतात. कर्ब उत्सर्जनाच्या हिशेबात मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पॉलिहाऊसला प्रकाश सूर्य पुरवतो आणि मावळच्या सौम्य हवेत ऊब देण्याची गरज सहसा पडत नाही. हॉलंडमध्ये त्यासाठी नैसर्गिक वायू जाळावा लागतो. क्रॅनफिल्ड विद्यापीठाच्या २००७ मधील अभ्यासानुसार १२ हजार गुलाबांमागे हॉलंडमध्ये सुमारे ३५ हजार किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. केनियातून विमानाने आणलेल्या तितक्याच गुलाबांमागे सुमारे ६ हजार किलो. म्हणून मावळचा गुलाब निर्दोष ठरतो असे नाही. विमानवाहतुकीत एक टन माल एक किलोमीटर नेताना साधारण अर्धा ते एक किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. मुंबई ते ॲमस्टरडॅम हे अंतर सुमारे ७ हजार किलोमीटर. म्हणजे किलोभर फुलांमागे साडेतीन ते सात किलो! व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जाणाऱ्या फुलांचा खरा भार इथे आहे, पॉलिहाऊसमध्ये नव्हे.

बंद खोलीतील शेतीत फुकटचा सूर्यप्रकाश नाकारून तो विकत घेतला जातो. २०२१ च्या एका जागतिक पाहणीत अशा बहुमजली शेतांना एक किलो उत्पादनामागे सरासरी ३८.८ युनिट वीज लागल्याचे आढळले; हरितगृहांना ५.४ युनिट. भारतातील वीज अद्याप मुख्यतः कोळशाची असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. अगदी काटकसरीने दहा युनिट धरले तरी किलोभर भाजीमागे सात किलो होतात. पाण्याची मोठी बचत होते, हे मान्य करावेच लागेल. ‘वाहतूक वाचते’ हा युक्तिवाद मात्र पुण्यात टिकत नाही. पुरंदर, खेड वा जुन्नरहून ट्रकने गुलटेकडीला येणाऱ्या भाजीचा वाहतूक-भार किलोमागे काही ग्रॅमच असतो. छतावरील सौर पॅनेलचा उपायही अपुरा आहे, कारण छताएवढ्या पॅनेलांतून लागवडीच्या एका थराचीही गरज जेमतेमच भागते आणि थर तर पाच-सहा असतात.

ऊर्जेचा हा खर्च या उद्योगाला भोवला. अमेरिकेतील एरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तर बोअरी कंपनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली. हॉलंडच्या हरितगृह उद्योगाने २०४० पर्यंत हवामान-तटस्थ होण्याचे वचन सरकारशी करार करून दिले आहे. भारताचे शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य २०७० चे आहे. ‘सेबी’ने २०२२-२३ पासून पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केला, तो शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना. नोंदणी नसलेल्या छोट्या खासगी शेती कंपन्या या सक्तीबाहेर आहेत. त्यांच्या वेष्टनावरील ‘हरित’ या शब्दामागे किलोमागे किती युनिट वीज लागली, हे छापण्याचे बंधन त्यांच्यावर नाही.