तळटीप १४ : कराराची फेररचना

लेखक याला सरसकट ‘पगारकपात’ म्हणतात. ते बरोबर नाही. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलमध्ये १९९४पासून प्रत्येक संघाच्या वार्षिक पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे. फेररचनेत खेळाडूचा त्या वर्षीचा पगार सहीच्या बोनसात बदलतात. रोख रक्कम त्याला मिळतेच, मर्यादेच्या हिशेबात मात्र ती कराराच्या उरलेल्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच, सारखी वाटून धरतात. मग खेळाडू कशाला नाही म्हणेल? २०२१मध्ये करोनामुळे मर्यादा १९ कोटी ८२ लाख डॉलरवरून १८ कोटी २५ लाखांवर उतरली, तेव्हा कॅन्सस सिटी चीफ्सने पॅट्रिक माहोम्सला त्या वर्षी द्यायचे २ कोटी १७ लाख डॉलर असेच फिरवून सुमारे १ कोटी ७० लाखांची जागा मोकळी केली. उधारी अंगावर येते ती खेळाडूला मध्येच सोडल्यावर : राहिलेले सगळे हप्ते एकदम मोजले जातात, फार तर दोन वर्षांत विभागता येतात. २०२४मध्ये रसेल विल्सनला सोडताना डेन्व्हर ब्राँकोसवर असा सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा भार पडला. अर्थात त्यात हमी दिलेला पगारही होता.