ग्रह, खाणी आणि जकात नाका

ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला खेळ मे २००३ मध्ये सुरू झाला. आइसलँडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी कंपनीने तो काढला आणि तो अजूनही चालू आहे. बाकीच्या खेळांत एकाच जगाच्या दहा-वीस प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात. इथे (चीनमधला वेगळा सर्व्हर सोडला तर) सगळे एकाच विश्वात. सात हजारांहून जास्त सूर्यमाला, आणि त्यातला प्रत्येक ग्रह एकुलता एक. घरच्या मंडळींना हा पोरखेळ वाटतो हे मला ठाऊक आहे. पण जरा धीर धरा, मला सांगायचाय तो इतिहासच आहे. खाण काढायला ग्रह कसा निवडायचा, हे लोकांनी तीन-चार वर्षांत कसं बदललं, त्याचा.

पहिली सात वर्षं ग्रह नुसते खिडकीतून बघण्यापुरते होते. खाणकाम चालायचं ते लघुग्रहांवर आणि चंद्रांवर. यंत्रमानव, कूलंट, युरेनियम असला माल खेळातलेच सरकारी व्यापारी विकायचे, रेशनच्या दुकानासारखे. मे २०१० मध्ये 'टायरॅनिस' नावाची आवृत्ती आली, ग्रह खुले झाले आणि ते रेशनचं दुकान बंद झालं. आता लागेल तो माल खेळणाऱ्यांनीच जमिनीतून काढायचा.

ग्रह आठ प्रकारचे: ओसाड, समशीतोष्ण, सागरी, बर्फाळ, लाव्हाचे, वायूचे, वादळी आणि प्लाझ्माचे. प्रत्येक प्रकारावर पाचच कच्चे माल मिळतात. एका माणसाला जास्तीत जास्त सहा ग्रहांवर वसाहत करता येते, आणि तीही ती विद्या शिकून झाल्यावर. त्यामुळे निवड आली. वायूचे ग्रह अवाढव्य, तिथे यंत्रांना जोडणारी लाइन लांब पडते आणि सगळी वीज तिच्यातच जाते. पोलीस फिरतात त्या भागात जमीन गरीब. जिथे कुणी वाली नाही तिथे माल भरपूर, पण जहाज परत येईल याची खात्री नाही. एकाच जागी फार उपसा केला की तिथला साठा आटतो, मग यंत्राची टोकं हलवत बसायचं. शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला यातलं काही नवीन वाटणार नाही.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. ग्रह कुणाच्याही मालकीचा होत नाही! एका ग्रहावर कितीही जण येऊन उपसा करू शकतात. मी आलो म्हणून तुम्हाला हाकलता येत नाही.

आमची आठ जणांची छोटी कंपनी होती. मी पुण्यात, मावसभाऊ टोरंटोत, बाकीचे कुठे कुठे. आमचा एक तळ होता आणि तो दर तासाला इंधन खायचा. इंधन संपलं की त्याचं कवच जाणार, आणि मग आत ठेवलेलं सगळं जो येईल त्याचं. तेव्हा ग्रह निवडणं ही गंमत नव्हती, आठ जणांची चूल होती. मावसभावाने एक्सेलमध्ये तक्ता केला: इथून धातू, तिथून पाणी, आणि पाचव्या ग्रहावर सगळं आणून कारखाना. फार देखणा तक्ता होता.

पण ग्रहावरचा माल वर न्यायचा तर प्रत्येक ग्रहाभोवती एक जकात नाका फिरत असतो, त्यातूनच न्यावा लागतो. (अधूनमधून छोटं रॉकेट सोडता येतं, पण त्यात मावतं किती?) सुरुवातीला हे सगळे नाके खेळातल्याच सरकारी यंत्रणेचे. कर किरकोळ, तक्त्यात त्यासाठी रकानासुद्धा नव्हता. नोव्हेंबर २०११ च्या 'क्रूसिबल'मध्ये नियम बदलला. पोलीस नसलेल्या भागात कुणीही इंटरबस या खेळातल्याच कंपनीचा नाका फोडून आपला उभा करावा आणि कर आपणच ठरवावा. आपल्या माणसांना एक दर, परक्यांना दुसरा. नोव्हेंबर २०१३ च्या 'रुबिकॉन'मध्ये तीच मुभा पोलिसांच्या भागातही आली. तिथे सरकारचे दहा टक्के वेगळे, वर नाकेदाराचे. (त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यातली जकात बंद होऊन एलबीटी आला होता. मावसभाऊ म्हणाला, तुमच्याकडची जकात इकडे आली वाटतं!)

तेव्हापासून ग्रह निवडायची रीतच बदलली. कच्चा माल एका ग्रहावरून दुसऱ्यावर न्यायचा म्हणजे निघताना कर आणि उतरताना पुन्हा कर. मग एकाच ग्रहावर जेवढं तयार होईल तेवढं करा. प्लाझ्मा ग्रहाचा भाव वाढला, कारण यंत्रमानवाला लागणारे चारही कच्चे माल त्या एकाच ग्रहावर मिळतात. लोक जमिनीआधी नाकेदाराचं नाव बघायला लागले. ग्रह कुणाचाच नाही, पण दार मात्र एकाचं.

आइसलँडच्या लोकांना हे नवीन नसावं. १६०२ पासून १७८७ पर्यंत त्या बेटाचा सगळा व्यापार डेन्मार्कच्या राजाने नेमलेल्या व्यापाऱ्यांच्या हातात होता. समुद्रात मासे मुबलक, ते पकडायला कुणाची आडकाठी नाही. पण विकायचे आपल्या भागाला नेमून दिलेल्या बंदरातच, ठरलेल्या भावाने. होल्मफास्तुर ग्वुडमुंडसन नावाच्या गरीब माणसाने थोडे मासे हाफनारफ्योर्दुरला विकायचे ते केफ्लाविकला विकले, म्हणून १६९९ साली त्याला चाबकाने फोडून काढलं. मक्तेदारी उठली तरी पुढे कित्येक वर्षं व्यापार फक्त डॅनिश राजाच्या प्रजेलाच मोकळा होता. सगळ्या देशांना बंदरं खुली झाली ती १८५५ मध्ये. खेळ लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हेच होतं असं मी म्हणत नाही. पण त्या देशातल्या पोरांना शाळेत हे शिकवतात, एवढं खरं.

आमच्या सूर्यमालेतले सगळे नाके रुबिकॉननंतर महिन्याभरात एका मोठ्या टोळीने घेतले आणि कर असा वाढवला की इंधन बाजारातून विकत आणणं स्वस्त पडावं. आम्ही एका रविवारी रात्री बसलो. भारतात मध्यरात्र, टोरंटोत दुपार. कर भरा, लढा किंवा जागा सोडा, असे तीन पर्याय. लढायचं तर आधी रीतसर युद्ध पुकारायला हवं, त्याचे पैसे वेगळे, आणि समोर शंभरावर माणसं. पाच विरुद्ध तीन मतांनी आम्ही जागा सोडली. चौदा सूर्यमाला पलीकडे बऱ्यापैकी नापीक जमीन, पण नाकेदार रास्त कर घेणारा. हरलेल्या तिघांपैकी दोघे त्याच आठवड्यात कंपनी सोडून गेले, नंतर कधी भेटले नाहीत.

तिसरा मावसभाऊ. तो अजून म्हणतो, लढायला हवं होतं.