मानेच्या विकारांवर विद्युत ट्रॅक्शन

मानेच्या मणक्यांची झीज झाल्यास किंवा मणक्यांमधील चकती सरकल्यास मज्जातंतूंच्या मुळांवर दाब येतो. त्यामुळे मानेपासून हातापर्यंत कळा येणे, हाताला मुंग्या येणे अशी लक्षणे दिसतात. अशा काही रुग्णांच्या मानेला नियंत्रित ताण देण्यात येतो. या उपचारास ट्रॅक्शन म्हणतात. पूर्वी त्यासाठी दोरी, कप्पी आणि वजने वापरली जात. आता अनेक भौतिकोपचार केंद्रांत विजेवर चालणारी यंत्रे आहेत.

रुग्णाला उताणे झोपवून हनुवटी व डोक्याच्या मागील भागास पट्टा लावला जातो. यंत्रातील मोटर पट्ट्याची दोरी ओढते. मान साधारणतः १५ ते २५ अंश पुढे झुकलेली ठेवतात. ताण अखंड देता येतो किंवा काही सेकंद ताण व काही सेकंद विश्रांती अशा खंडित पद्धतीने देता येतो. बसलेल्या स्थितीत ४ ते ५ किलो वजनाच्या डोक्याचा भार आधी पेलावा लागतो. झोपलेल्या स्थितीत तो नसतो व स्नायूही सैल राहतात. त्यामुळे प्रारंभी ३ ते ४ किलो ताण पुरतो. पुढे तो रुग्णाच्या प्रतिसादानुसार वाढविला जातो. उपचार १५ ते २० मिनिटे चालतो. यंत्र तात्काळ थांबविण्याचे बटण रुग्णाच्या हाती दिलेले असते.

या उपचाराच्या उपयुक्ततेबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यात बाजूने वा विरोधात ठाम निष्कर्ष काढण्याइतका पुरावा आढळला नाही. अमेरिकेत ८६ रुग्णांवर झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र, केवळ व्यायामापेक्षा व्यायामासोबत यंत्राद्वारे दिलेले ट्रॅक्शन अधिक लाभदायक ठरले.

अस्थिभंग, मणक्यातील गाठ वा जंतुसंसर्ग, हाडांचा तीव्र ठिसूळपणा, मज्जारज्जूवरील दाब किंवा संधिवातामुळे मानेचे सांधे अस्थिर झालेले असल्यास हा उपचार वर्ज्य आहे. चालताना तोल जाणे, हातातील वस्तू निसटणे ही मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे असू शकतात. म्हणूनच वैद्यकीय तपासणीपूर्वी ट्रॅक्शन घेऊ नये. उपचारादरम्यान चक्कर आल्यास वा मुंग्या वाढल्यास यंत्र त्वरित बंद करणे आवश्यक आहे.