आजी सापडली, पण...

हापिसातला एक अमेरिकन सहकारी कॉलवर गप्पा मारता मारता म्हणाला, "थांब, तुला माझी आजी दाखवतो." नाव टाईप केलं आणि दोन मिनिटांत १९५० च्या जनगणनेचं पान स्क्रीनवर! आजीचं नाव, वय, जन्माचं राज्य, सगळं हाताने लिहिलेलं. तिकडे हे कागद ७२ वर्षं कुलपात ठेवतात. १९५० चे १ एप्रिल २०२२ ला खुले झाले.

"आता तुझी दाखव," तो म्हणाला.

म्हटलं, त्यात काय! आपल्याकडे १८७२ पासून शिरगणती होतेय. अख्खा शनिवार-रविवार घालवला. हाती आले ते नुसते तक्ते. जिल्ह्यात पुरुष इतके, स्त्रिया इतक्या, साक्षर इतके. माझी आजी त्यात आहे, पण एका आकड्यात विरघळलेली. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे घरोघरची माहिती कुणालाही बघायचा हक्क नाही. ७२ वर्षांची मुदतबिदत काही नाही. आधी रागच आला. मग पटलं, दारात आलेल्या गुरुजींना लोकांनी खरं सांगायचं तर हे वचन हवंच.

शेवटी मामा म्हणाला, "अरे, कोतवाल बुक बघ की!" कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंद. आजीच्या माहेरच्या गावची नक्कल तहसील कचेरीतून मिळवली. मोडी होती, एका जाणकाराकडून वाचून घेतली. तारीख जुळली. पणजोबांचं नाव होतं, जात होती. आणि जन्मलेल्या बाळापुढे एकच शब्द: मुलगी.

ती माझी आजी. आणि जिने तिला जन्म दिला, तिचा तर उल्लेखही नाही.

आईला विचारलं, "आजीच्या आईचं नाव काय गं?" आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आम्ही कधी विचारलंच नाही रे." आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.

असो. त्या रात्री एक साधी वही केली. पहिल्या पानावर आईचं नाव, माहेरच्या नावासकट. तिच्यावर आजीचं. त्याच्या वरची ओळ मोकळी ठेवलीय.

तुमची आजी असेल तर आजच विचारा, मंडळी.