ठिपक्यापुढचा हुकूम
अमेरिकेतील पॅसाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी ग्रहमालेच्या संशोधनासाठी विख्यात आहे. परंतु जगभरच्या कचेऱ्यांतील दप्तरांवर तिचा जो परिणाम झाला तो तिच्या कोणत्याही यानामुळे नव्हे, तर तेथील वेन रॅटलिफ या नोकरदारास फुटबॉलच्या पैजा जिंकण्याची जी हौस होती, तिच्यामुळे झाला. संघांची आकडेवारी हाताने सांभाळणे दुष्कर वाटल्याने त्याने १९७८ च्या सुमारास सुटे भाग जोडून केलेल्या आपल्या घरगुती संगणकावर 'व्हल्कन' ही प्रणाली रचली. कल्पना सर्वस्वी स्वयंभू नव्हती. प्रयोगशाळेच्या युनिव्हॅक यंत्रावर जेब लाँग याने सिद्ध केलेली 'जेपीएलडीआयएस' त्याच्यापुढे होती, आणि हे कुळच पुढे एका कज्जाचे मूळ ठरले.

व्हल्कनच्या विक्रीचे हक्क जॉर्ज टेट व हॅल लॅशली यांनी घेतले आणि तिचे 'डीबेस टू' असे बारसे केले. 'डीबेस वन' कधी निघालेच नव्हते, आणि त्यांच्या 'अ‍ॅश्टन-टेट' कंपनीत अ‍ॅश्टन नावाचा कोणी भागीदारही नव्हता. व्यापारात नावाला वजन कसे आणावे हे या मंडळींना पुरते अवगत होते.

प्रणाली सुरू केली की काळ्या पडद्यावर केवळ एक ठिपका उमटे. त्यापुढे 'यूज' आणि फाइलचे नाव टंकित केले की नोंदवही उघडे. 'लिस्ट' म्हटले की नोंदी भराभर सरकू लागत, 'लोकेट फॉर' म्हणून अट घातली की हवी ती नोंद पुढे येई. मोठ्या यंत्रांच्या काळात ज्या माहितीसाठी संगणक विभागाकडे अर्ज करून छापील तक्त्यांची वाट पाहावी लागे, ती आता खुद्द कारकुनाच्या हुकमतीत आली. या अधिकाराबरोबर जोखीमही त्याच्याच माथी आली, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नोंदवही उघडताना तिची अनुक्रमणी उघडावयास विसरले आणि त्या अवस्थेत नव्या नोंदी घातल्या, तर अनुक्रमणीला त्यांचा पत्ताच लागत नसे. दुसऱ्या दिवशी 'सीक' म्हणून शोधणाऱ्यास नोंद नाही असे उत्तर मिळे, आणि 'लिस्ट' म्हणताच तीच नोंद डोळ्यांपुढे उभी राही. नोंदींची एकूण संख्या फाइलच्या शिरोभागी लिहिलेली असे व ती बहुधा फाइल मिटतानाच दुरुस्त होई. म्हणून 'क्विट' म्हणण्यापूर्वी वीज गेली, तर नव्याने भरलेल्या नोंदी हिशेबाबाहेर राहण्याची धास्ती असे. ज्या प्रांतात वीज जाणे नित्याचे, तेथील कारकुनास हे निराळे शिकवावे लागले नसेल.

कानपूरच्या आयआयटीत उगम पावलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने प्रसृत केलेले जिस्ट कार्ड संगणकात बसविले की त्याच डीबेसमध्ये देवनागरी नावे भरता येत. हुकूम इंग्रजी, दप्तर मराठी अशी ती व्यवस्था होती.

तिकडे आयबीएमच्या एडगर कॉड याच्या १९७० च्या निबंधातून निघालेल्या एसक्यूएल पंथाने उघडण्या-मिटण्याचा भार यंत्रावरच टाकला: मागणाराने काय हवे ते सांगावे, कोणती फाइल कशी उघडावी हे यंत्राने ठरवावे.

अ‍ॅश्टन-टेटने १९८८ मध्ये डीबेसच्याच धर्तीची प्रणाली विकणाऱ्या फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीवर दावा लावला. डीबेसचे जेपीएलडीआयएसशी असलेले नाते दडविले या कारणास्तव न्यायाधीशाने १९९० च्या डिसेंबरात कंपनीचे स्वामित्वहक्कच रद्दबातल ठरविले, आणि काही महिन्यांनी आपलाच निकाल फिरविला. परंतु त्याच वर्षी, १९९१ मध्ये, कंपनी बोरलँडने विकत घेतली.

ठिपका गेला, तरी फाइलचा साचा टिकला. नकाशांच्या संगणकीय नोंदींसाठी सर्वत्र रूढ असलेल्या शेपफाइलमध्ये गावाची, रस्त्याची वा शेताची माहिती अद्यापि डीबेसच्याच साच्यात ठेवतात; तेथे स्तंभाच्या नावास दहा बाइटांची मर्यादा आहे, आणि युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेत असल्याने 'गाव' हे नाव त्यात बसते, 'तालुका' बसत नाही.